बापटांचा कॉर्नर, इनामदारांचे डोके

बडोद्याच्या बापटांनी कोल्हापूरच्या इनामदारांना फसवले. गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा आता सोडून द्यावी, असे मला चार जणांनी सांगितले. चौघेही बडोद्याचे होते.

मी जुन्या लेथ मशीनचा व्यापारी. दहावी नापास, तेही दोनदा. आज जे काही आहे ते तोंडाच्या जोरावर उभे केलेले आहे. समोरचा पहिला आकडा बोलल्याशिवाय मी त्याचा चहा घेत नाही, आणि चहा घेतल्यावर पाच मिनिटे काही बोलत नाही. या दोन नियमांनी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. मी तापट आहे असे लोक म्हणतात. असे म्हणतात म्हणूनच मी तापतो.

माझे पणजोबा वामन इनामदार संस्थानी काळात शिकायला बडोद्याला होते. तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघात ते खेळले, आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी एकुलता एक गोल करून ढाल जिंकून दिली. ही हकीकत माझे वडील, आप्पा, आमच्या पेठेच्या कट्ट्यावर गेली साठ वर्षे सांगत आले. आप्पा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कोल्हापुरात फुटबॉलवरून ठरलेली लग्ने मोडतात. अशा गावात असा आजोबा असला की माणसाला कट्ट्यावर कायमची जागा मिळते, उन्हाळ्यात सावलीतली.

गेल्या दिवाळीत कोणाच्या तरी मोबाइलवर त्या संघाचा फोटो आला. बडोद्याच्या कोणी नलिनीताई बापट त्या मोसमावर स्मरणिका काढत होत्या. फोटोखाली लिहिले होते: ‘विजयी गोल, कप्तान विनायक बापट.’ कट्टा हसला. दुसऱ्या दिवसापासून आप्पा कट्ट्यावर गेले नाहीत. घरात बसून टीव्हीवर शेतीचे कार्यक्रम बघू लागले. आम्हांला शेत नाही.

मी नलिनीताईंना फोन केला. स्मरणिका चार दिवसांनी छपाईला जाणार होती. त्या म्हणाल्या, “पुरावा आणा, नाव बदलते.” मी बॅग भरली.

अकोटा

गाडीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. समोरचा माणूस सबंध वाट घोरला आणि उतरताना मलाच म्हणाला, तुम्ही फार घोरता.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्याच्या मी निम्मे बोललो. तो लगेच “बेसो” म्हणाला. लगेच हो म्हणणारा माणूस मला फार त्रास देतो. निम्म्याऐवजी पाव का बोललो नाही, या विचारात मी असताना रिक्षा फेरा घेऊन विश्वामित्रीच्या पुलावर आली. रिक्षावाल्याने खाली बोट दाखवले. “मगर छे, साहेब.” गाळावर खरोखरच एक मगर पडलेली होती, वखारीबाहेर लाकडाचा ओंडका टाकावा तशी. आमच्या पंचगंगेत म्हशी डुंबतात आणि लोक पुलावर थांबून त्यांना नावे ठेवतात. इथे भर शहरात मगर आणि कोणी मान वळवून बघत नाही. ज्या गावाला मगरीचे काही वाटत नाही त्याला माझ्या रागाचे काय वाटणार, अशी शंका मला तिथेच आली.

नलिनीताई अकोट्यात एका स्वच्छ, पांढऱ्या घरात एकट्या राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ ताठ, चाळीस वर्षे गणित शिकवलेले. त्या विनायक बापटांच्या नात.

“या या, बसा ने,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा खाऊन घ्या. भांडण कुठे पळून चाललंय?”

समोर सेव उसळ आली. आमच्या मिसळीची ही बहीणच, पण सासरी सुखात पडलेली. तिखट आहे, पण ते बाहेरच्यांसाठी राखून ठेवल्यासारखे वरच्या लाल रश्शात वेगळे दिलेले. मी सगळा रस्सा ओतला, तरी कपाळ कोरडे. पाठोपाठ चहा. माझा पहिला नियम मोडला गेला होता, हे मला कप रिकामा झाल्यावर कळले.

मग त्यांनी फोटो दाखवला. अकरा तरुण, अकरा मिश्या. काहींच्या गुडघ्यापर्यंत चड्ड्या, दोघांची धोतरे काचा मारलेली, सगळे अनवाणी. माझे पणजोबा मागच्या रांगेत तिसरे, कॅमेऱ्याकडे न बघता शेजाऱ्याच्या हातातल्या ढालीकडे बघणारे. आमच्या घराण्याची नजर अशीच आहे.

फोटोबरोबर कप्तानाची वही होती. विनायक बापटांनी सबंध मोसम चार पानांत उरकला होता. मला ती वही आवडली, हे मी इथे लपवत नाही.

‘रेल्वेवाले बूट घालून आले. आम्ही बूट काढण्याची विनंती केली. काढले नाहीत. आमचे तिघे लंगडले, तरी बरोबरी.’

‘पलटणीच्या बँडवाल्यांविरुद्ध. त्यांचा गोलकीपर मोठा ढोल वाजवतो. माणूस ढोलाएवढाच. बाजूने जागा मिळेना. हरलो.’

‘डभोईस शाळामास्तरांविरुद्ध. मैदानाच्या कोपऱ्यात कापूस लावलेला. अर्धा वेळ आम्ही बारा जण खेळलो, कोणी मोजले नाही. बारावा गोखले स्वतःहून बाहेर आला. त्यास भूक लागली होती.’

आणि शेवटी: ‘गावच्या संघाविरुद्ध अंतिम. कॉलेज एक, गाव शून्य. गोल: बापट, कॉर्नरवरून.’

“हे कप्तानाने स्वतःच स्वतःबद्दल लिहिलंय,” मी म्हणालो.

“मग काय शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचं?”

मी कामाला लागलो. आधी पूर्ण गोल मागितला. त्या म्हणाल्या, तळटीप देते. मी पाऊण गोलावर आलो. त्या म्हणाल्या, “पाऊण गोल कसा छापायचा ते सांगा, मी गणित शिकवलंय.” मी अर्ध्यावर आलो. त्या म्हणाल्या, “‘इनामदारांचे मोलाचे सहकार्य’ असं लिहिते.” सहकार्य! अहो, सहकार्य मांडव घालणारे करतात!

तेव्हा मी माझे शेवटचे हत्यार काढले. उठलो आणि दाराकडे चालू लागलो. तीस वर्षांच्या धंद्यात दाराशी पोचण्याआधी मला कोणी परत बोलावले नाही असे झालेले नाही. पायरी उतरलो. फाटक उघडले. मागून आवाज आला, “आवजो हं!” आणि दार लागले.

माझी बॅग आत राहिली होती. दोन मिनिटांनी मी बेल वाजवली. त्यांनी बॅग दिली आणि वर लीलो चिवड्याची पुडी. “वाटेत खा. रागात पित्त होतं.” चिवडा ओलसर आणि गोड होता. चिवड्याने कसे वागावे याच्या माझ्या काही कल्पना आहेत. तरी पुडी संपवली.

घडियाळी पोळ

बाई ऐकत नाही तर छापखाना ऐकेल, असा विचार करून दुसऱ्या दिवशी मी घडियाळी पोळात गेलो. गल्ली अरुंद, खाली दुकाने, वर लाकडी नक्षीचे सज्जे. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की दोघेही आधी एकमेकांच्या घरची चौकशी करतात आणि मग कोणी मागे व्हायचे ते ठरते. कोल्हापुरात चौकशी होते, पण ती वेगळ्या शब्दांत.

स्मरणिकेची पाने हसमुखभाई नावाचे गृहस्थ कॉम्प्युटरवर जुळवत होते. मी आवाज खाली आणून म्हणालो, फक्त एका नावाच्या जागी दुसरे घालायचे आहे. अक्षरेही फार जास्त होत नाहीत.

“बेननो फोन आवी गयो,” हसमुखभाई हसून म्हणाले. बाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. “त्यांनी मला आठवीत भूमिती शिकवली, साहेब. आजही त्यांचा फोन आला की मी उभा राहून बोलतो. तुम्ही बसा, चहा घ्या.”

चहा घेत मी जुळवलेली पाने चाळू लागलो. ‘गोल: बापट, कॉर्नरवरून.’ ती ओळ पाचव्यांदा वाचताना मी इतक्या जोराने ओरडलो की हसमुखभाईंनी कॉम्प्युटरच बंद केला.

“त्या काळात कॉर्नरवरून सरळ मारलेला गोल धरतच नसत!”

खरे आहे ते. हा नियम पुढे बदलला. आमच्या पेठेत हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. बापटांनी मारलेला चेंडू मध्ये कोणाला तरी लागल्याशिवाय पंच गोल देणे शक्यच नव्हते.

“क्रिकेटमां एवुं नथी,” हसमुखभाई म्हणाले. क्रिकेटमध्ये तसे काही नसते हे मला मान्य आहे.

“पण मग लागला कोणाला? आणि ज्याला लागला त्याचं नाव का नाही लिहिलं?”

हसमुखभाईंनी डोके खाजवले, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि दुसरे एक पान उघडले. डभोईच्या दाते नावाच्या वृद्ध गृहस्थांनी स्मरणिकेसाठी लेख पाठवला होता. त्यांचे आजोबा बाळंभट दाते कॉलेजच्या मुलांची मेस चालवत. लेखात मेसचे नियम दिले होते आणि सातवा नियम असा होता: ‘फुटबॉल चामड्याचा असतो. पायास लागल्यास पाय धुवावे. डोक्यास लागल्यास डोक्यावरून स्नान केल्याशिवाय पंगतीस बसू नये.’

मी तो नियम दोनदा वाचला आणि उभ्या उभ्या नलिनीताईंना फोन लावला. कॉर्नरचा नियम सांगितला, मेसचा नियम सांगितला, डोक्याला लागलेला चेंडू कोणी का लपवेल तेही सांगितले. त्यांनी दोन्ही नियम मला पुन्हा सांगायला लावले. सवयीने मी मनात म्हटले, आता ही भाव पाडणार.

“बराबर आहे,” त्या म्हणाल्या. “चेंडू मध्ये कोणाला तरी लागलाच पाहिजे. दात्यांकडे मेसची जुनी वही आहे, उद्या सकाळी डभोईला जाऊ. मी येते. बस डेपोवर सातला उभे राहा, आणि नाश्ता करून येऊ नका.”

खरे सांगतो, मला ते आवडले नाही. भांडण्यासाठी एवढ्या लांब यायचे आणि समोरच्याने मुद्दा मान्य करायचा, ही काय रीत झाली?

डभोई

बसमध्ये नलिनीताईंनी थेपले काढले आणि मला खिडकी दिली. दोन्ही बाजूंना कापूस आणि तुरीची शेते. मी म्हणालो, मास्तरांविरुद्धचा सामना यातल्याच एखाद्या शेतात झाला असेल. त्या म्हणाल्या, बारा खेळाडू घेऊन. मी म्हणालो, कप्तान बापट होते, मोजायचे काम कोणाचे? त्यांनी माझ्या पुढ्यातला थेपल्यांचा डबा उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

डभोईला जुन्या किल्ल्याच्या दगडी वेशी अजून उभ्या आहेत. अशा एका वेशीजवळ दातेकाकांचे वह्या-पेन्सिलींचे दुकान आहे. माणूस सत्त्याऐंशी वर्षांचा, कानाने कमी, डोळ्याने त्याहून कमी. मेसची वही त्यांनी बाहेर काढली, पण हातात द्यायला तयार नाहीत. स्वतः भिंग लावून वाचणार.

“अंतिम सामन्याचा दिवस वाचा, काका,” मी कानाशी ओरडलो.

“सुरुवातीपासून वाचतो,” ते म्हणाले. “मधून वाचलं की अर्थ लागत नाही.”

त्यांनी सुरुवातीपासून वाचले. बाळंभट मैदानावर जाऊ शकत नसत, वरण उतू जाण्याची भीती. म्हणून दर सामन्यानंतर, सरावानंतरही, पंगतीआधी ते कप्तानाची वही तपासत, पोरांना विचारत, आणि कोणाच्या डोक्याला चेंडू लागला ते आपल्या वहीत टिपत.

‘सराव. बापट, डोके. स्नान.’

‘गोखले, डोके, दोनदा. एकाच स्नानात भागवा म्हणाला. मान्य केले नाही.’

‘इनामदार. चेंडू माझ्या डोक्यास लागला नाही, माझे डोके चेंडूस लागले, तेव्हा स्नान चेंडूने करावे असे म्हणतो. अर्धा तास वाद. स्नान.’

नलिनीताईंनी माझ्याकडे पाहिले. “तुमचेच पणजोबा. शंकाच नाही.”

मी छाती पुढे काढली. तेवढ्यात दातेकाका थांबले. त्यांची औषधाची वेळ झाली होती. मग पाण्याची. मग एक गिऱ्हाईक आले आणि अर्धा डझन खोडरबर निवडायला त्याने पाऊण तास घेतला. एरवी मी अशा माणसाला दुकानाबाहेर काढले असते. त्या दिवशी मी त्याला खोडरबर निवडायला मदत केली.

शेवटी ते पान आले. दातेकाका एकेक शब्द उचलून वाचू लागले.

‘अंतिम सामना जिंकला. पोरे नाचत आली. थंडी कडाक्याची. आज बासुंदी. कप्तानाची वही पाहिली: गोल बापट. डोके कोणाचेच नाही. संशय आला म्हणून इनामदाराचे डोके हुंगून पाहिले. खोबरेल आणि चामडे, दोहोंचा वास मज सारखाच वाटतो. संशयाचा फायदा दिला. पंगतीस बसविले.’

“म्हणजे काहीच सिद्ध होत नाही,” नलिनीताई म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.

“समासात आहे अजून,” दातेकाका म्हणाले. “शाई वेगळी आहे.”

आणि त्यांनी वाचले: ‘परीक्षा आटोपून गावी जाताना इनामदाराने पाया पडून कबुली दिली. गोल त्याच्या डोक्याचा. गार पाण्याने न्हाण्यात पंगत उठेल आणि बासुंदी चुकेल, म्हणून त्याने गोल बापटास दिला. बापटाने घेतला. विटाळ पंगतभर झाला. प्रायश्चित्त माझे मीच घेतले.’

नलिनीताईंनी पदराने चष्मा पुसला. “गोल इनामदारांचा,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी हसमुखला सांगते.”

जिंकलो होतो. पण मला काय वाटले ते सांगितले पाहिजे. माझ्या पणजोबांनी, ज्यांचे रक्त माझ्या अंगात आहे, ढाल जिंकून देणारा गोल वाटीभर बासुंदीवर देऊन टाकला! कसला भाव केला हा? निदान महिनाभराची बासुंदी मागायची! मी वेशीबाहेर जाऊन दोन दगडांना लाथा मारल्या. दुसरा जमिनीत पुरलेला होता.

लंगडत परत आलो आणि आप्पांना फोन लावला.

“आप्पा, गोल आपलाच. वहीत आहे. ताईंनीपण मान्य केलंय.”

मागे टीव्हीवर ठिबक सिंचन चालू होते. मग तो आवाज बंद झाला.

“मग नाव त्यांचं का लावलं रे?”

मी सांगितले. आंघोळ, थंडी, बासुंदी. मला वाटले म्हातारा खचेल.

“थंडी होती म्हणतोस,” आप्पा म्हणाले. “आणि खेळून दमलेलं पोर. त्यात बासुंदी. मीपण दिला असता.” मग जरा थांबून, “मिळाली का पण त्यांना?”

हे मला सुचले नव्हते. धंदा करणाऱ्या माणसाला हे सुचले नव्हते! मी दातेकाकांच्या कानाशी वाकून विचारले, त्या पंगतीबद्दल पुढे काही आहे का. त्यांनी भिंग खाली सरकवले आणि मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

‘बासुंदी शेवटच्या दोन पानांस पोचली नाही. एक पान माझे, एक इनामदाराचे. कप्तान बापट याने चार वाट्या घेतल्या.’

आप्पा आयुष्यात माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत. त्या दिवशी फोन कानापासून लांब धरावा लागला. “दत्ता! गोल घेतला आणि वर बासुंदीपण? तू तिथंच थांब! त्यांना विचार! मी जातो कट्ट्यावर, सगळ्यांना सांगतो!” चपला शोधण्याचा आवाज आला आणि फोन तसाच उघडा राहिला.

पुन्हा अकोटा

नलिनीताईंनी शब्द पाळला. हसमुखभाईंनी माझ्यासमोर पान बदलले: ‘विजयी गोल, वामन इनामदार, डोक्याने.’ समासातली कबुलीही छापली. यावर माझी काही तक्रार नाही आणि बाईंच्या सरळपणाबद्दल मी कोणाला वावगे बोलू देणार नाही.

बासुंदीच्या बाबतीत मात्र त्या एक पाऊल हटल्या नाहीत.

“वहीत वाटीचं माप दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “चार लहान वाट्या म्हणजे एक मोठी.”

“मग बाळंभटांनी एक मोठी असं लिहिलं असतं!”

“तुमच्या पणजोबांनी वाढप्याला हाक मारायची ना. माझ्या आजोबांनी बसून प्रत्येकाचं पान बघायचं का?”

“कप्तान होते ना ते!”

“मैदानावर. पंगतीत सगळे सारखे.”

निघण्याच्या दिवशी त्यांनी बासुंदी केली आणि हसमुखभाईंनाही जेवायला बोलावले. दाट, बदाम घातलेली, वर चारोळ्या. मी वाटीला हात लावण्याआधी स्पष्ट सांगितले की ही मी पाहुणा म्हणून खात आहे, हिला त्या बासुंदीची भरपाई समजू नये. त्या म्हणाल्या, “समजत नाही. शांति राखा आणि खा.” मी तीन वाट्या खाल्ल्या. चौथी त्यांनी पुढे केली. मी ती घेतली नाही. हे लिहून ठेवतो आहे, कारण यालाही साक्षीदार हसमुखभाई आहेत.

आप्पा आता रोज कट्ट्यावर जातात. गोलाची गोष्ट दहा मिनिटांत संपत असे. ही बासुंदीची तासभर चालते आणि ऐकणारे चिडून उठतात. एका शेजाऱ्याने तर बडोद्याच्या आपल्या जावयाला फोन करून जाब विचारला. तो बिचारा राजकोटचा आहे.

पण जावयांना विचारून भागणार नाही. बापट कुटुंब मोठे आहे. बडोद्यात आहे, पुण्यात आहे, कोणी परदेशातही असेल. त्यांच्यापैकी कोणीतरी जबाबदार माणसाने पुढे यावे, आणि तळटीप नको, सहकार्य नको, सरळ एका वाक्यात लेखी उत्तर द्यावे: ज्याच्या डोक्यावर तुम्ही ढाल जिंकलात, तो त्याच पंगतीत शेवटच्या पानावर रिकामी वाटी घेऊन बसला होता. चौथी वाटी पुढे करताना कप्तानाने त्याच्याकडे पाहिले होते की नव्हते?